आईचा डावा गाल

मी, खाली सही करणार, वय एकोणऐंशी, धंदा माणसांचे फोटो काढणे, राहणार स्टुडिओमागच्या दोन खोल्यांत, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. गुडघे आणि उजवा डोळा शाबूत नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत असे वकीलबाई म्हणाल्या. मला कोणी धमकावलेले नाही की भरीला घातलेले नाही. भरीला घालायला घरात कोणी उरलेलेही नाही. हे माझे पहिलेच मृत्युपत्र. याआधी तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा एकाच कलमापाशी अडून उठलो. ते कलम या वेळी सगळ्यात शेवटी ठेवले आहे.

वकीलबाईंनी दोन सूचना केल्या आहेत. एक, लिहायचे ते सुटसुटीत लिहावे. दोन, ज्याला काही द्यायचे आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नये, नाहीतर त्याला दिलेले बाद होते. दुसरी सूचना मी पाळीन. पहिली पाळायला माणूस तरुण लागतो.

कलम १. घर. स्टुडिओ, डार्करूम आणि मागच्या दोन खोल्या माझ्या मुलीला द्याव्यात. ती एकुलती एक आहे, त्यामुळे वाटणीचे भांडण नाही. ती दुसऱ्या शहरात कानाची यंत्रे दुरुस्त करते आणि इथे राहायला येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिने जागा विकली तरी माझी हरकत नाही. फक्त विकण्याआधी एकदा सकाळी अकराच्या सुमारास उत्तरेची खिडकी उघडून समोरच्या खुर्चीत दहा मिनिटे बसावे. बाकी काही करू नये. त्या उजेडावर आम्ही तिघे जेवलो. बँकेत जे काही आहे तेही तिचेच.

कलम २. हत्यारे. मोठा लाकडी कॅमेरा तिपाईसकट कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला द्यावा. त्याच्या घड्यांच्या भात्याला मिस्त्रीने आजवर अकरा ठिगळे लावली आहेत, म्हणजे कॅमेरा निम्मा त्याचाच आहे. डार्करूममधल्या थाळ्या, चिमटे, लाल दिवा ज्याला हवा त्याने न्यावा. कोणी नेणार नाही.

ॲल्युमिनियमची शिडी खालच्या किराणावाल्याला द्यावी. सोळा वर्षांपूर्वी त्याने आपल्या दुकानाची पाटी वर सरकवून माझ्या शोकेसवर चढवली. तेव्हापासून शोकेसमधल्या माणसांचे निम्मे चेहरे झाकलेले आहेत. पाटी उतरव म्हटले की म्हणायचा, उतरवली असती हो, पण शिडी नाही. आता शिडी आहे.

कलम ३. भिंतीवरचे फोटो. गेल्या पंचावन्न वर्षांत मी अंदाजे एकवीस हजार निगेटिव्ह काढल्या. त्या पेट्यांमध्ये वर्षवार लावलेल्या आहेत. कोणी आपल्या माणसाची शोधत आला तर त्याला शोधू द्यावे. पण खुर्चीसमोरच्या भिंतीवर जे फोटो आहेत ते मी स्वतःसाठी लावले होते, त्यांची व्यवस्था वेगळी करतो.

(अ) डोळे मिटलेला पोस्टमन. निवृत्तीच्या दिवशी गणवेशात आला. तीन फोटो काढले. तिसऱ्यात त्याचे डोळे मिटले. मी तो फेकायला निघालो होतो, तेवढ्यात तो प्रती बघायला आला आणि नेमका तोच उचलला. म्हणाला, "चौतीस वर्षं चाललो हो. बसलेला असा मी पहिल्यांदाच दिसतोय." एक प्रत त्याने नेली, एक मी ठेवली. त्याच्या घरची प्रत पुढे ओल लागून गेली. त्याच्या मुलाने माझी प्रत तीनदा मागितली आणि तिन्ही वेळा मी नाही म्हणालो. भिंतीवर तो डोळे मिटून बसलेला असला की मलाही जरा टेकल्यासारखे वाटायचे. आता फोटो मुलाला द्यावा. माझे टेकायचे दिवस आलेच आहेत.

(आ) हसणाऱ्या मुख्याध्यापिका. शाळेच्या सभागृहासाठी फोटो हवा होता. आल्या आल्या म्हणाल्या, "मी हसणार नाही आणि तुम्ही हसवायचं नाही." मी कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात शिरलो, आणि आत लागोपाठ चार शिंका आल्या. कापडाखालून नुसती शिंकणारी तिपाई बघून बाईंचा तोल गेला. मी शटरचा दट्ट्या दाबला. पुढच्या दोन दातांतली फट इतकी मोकळी दिसते की त्यांनी ती तीस वर्षे कुठे लपवली होती कोण जाणे. शाळेत कडक चेहऱ्याचा फोटो लागला. हा त्यांनी नेलाही नाही आणि फाडूही दिला नाही. दर वर्षी एकदा जिना चढून यायच्या, बघायच्या आणि म्हणायच्या, "कुणाला दाखवत नाही ना?" शेवटच्या वर्षी त्यांच्याकडून जिना चढवेना. खालून निरोप पाठवला, आता दाखवा. हा फोटो शाळेला द्यावा, आणि कडक फोटोच्या शेजारी लावणार असतील तरच द्यावा.

(इ) कंत्राटदार. त्याची चौकट सागवानी आहे. फोटो काढून टाकून चौकट वापरावी.

(ई) माझी बायको, तोंडात पेन्सिल धरलेली. हा फोटो मुलीला. तो काढला तेव्हा तिला कळले नव्हते. उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवून, मागून उजेड घेऊन ती काम करते आहे. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला फोटो देण्याआधी निगेटिव्हवर हात फिरवावा लागायचा. आधी पातळ वार्निशचा हात द्यायचा म्हणजे पेन्सिल धरते, मग टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरच्या रेषा, खड्डे, डाग एकेक ठिपक्याने भरून काढायचे. हे काम माझे नव्हे, तिचे. मी फक्त माणसे खुर्चीत बसवली, त्यांना माणसांत आणले तिने.

तिचा एक नियम होता. "आठवडाभरात जाणार आहे ते मी आजच घालवते. राहणार आहे त्याला हात लावत नाही." म्हणून पुटकुळी जायची, जागरणाची काळी वर्तुळे जायची. तीळ, व्रण, जन्मखूण राहायची. गिऱ्हाईक हटून बसले तर ती पेन्सिल माझ्यापुढे सारून म्हणायची, तुम्ही करा. मी नाही म्हणायचो. एकदाच हो म्हणालो.

कलम ४. माझ्या आईचा फोटो. पेटी क्रमांक सतरा, लिफाफ्यावर काही लिहिलेले नाही.

इथे मी तीनदा अडलो. चौथ्यांदा सरळ लिहितो, कारण आता फिरून बसायची ताकद नाही.

माझा एक धाकटा भाऊ आहे, माझ्याहून सात वर्षांनी लहान. तो चौकटी करतो. एके काळी स्टुडिओच्या पुढच्या भागात त्याचे बाक होते. मी फोटो द्यायचो, तो चौकट द्यायचा, गिऱ्हाईक एकाच जिन्याने चढायचे-उतरायचे. चोवीस वर्षांपूर्वी त्याने आपले बाक उचलले आणि रस्त्यापलीकडे दुकान मांडले. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. बोलणे गिऱ्हाइकांच्या तोंडून चालते. "त्याला सांगा, कडेला अर्धा इंच जास्त सोड." "त्यांना म्हणावं, कागद वाकडा कापलाय." लोकांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. आमच्या भांडणाचे कारण आईचा डावा गाल.

आईच्या डाव्या गालावर डोळ्याखालपासून ओठापर्यंत व्रण होता. आमच्या सगळ्या नातलगांना तो कसा झाला ते पाठ आहे. आई रंगाच्या डब्यांना लेबले चिकटवायचे काम घरी आणायची. खोलीभर डबे आणि पत्र्याची झाकणे. चार वर्षांच्या धाकट्याने खेळता खेळता झाकण भिरकावले आणि आईचा गाल फाडला. हे सगळ्यांना माहीत आहे. त्यालाही माहीत आहे.

हे खोटे आहे. झाकण मी फेकले. मी अकरा वर्षांचा होतो, आणि झाकणे भिरकावू नकोस म्हणून मला त्याच दिवशी दोनदा बजावलेले होते. झाकण खोलीत गोल फिरून परत येते का ते मला बघायचे होते. आई धाकट्याला भरवायला वाकली. वडील आवाज ऐकून आत आले आणि त्यांनी विचारले, कोणी? धाकट्याच्या हातातही एक झाकण होते, तो ते चाटत बसला होता. मी त्याच्याकडे बोट केले.

आईने माझ्याकडे बघितले. गालावर हात होता, बोटांतून रक्त येत होते. मग ती वडिलांना म्हणाली, "लहान आहे. त्याला काय कळतंय." वडिलांचा पट्टा खुंटीवर होता. चार वर्षांच्या पोरावर तो निघाला नसता, माझ्यावर निघाला असता. तिने मला वाचवले, आणि खापर धाकट्याच्या डोक्यावर फुटले ते फुटलेच. मला वाटले, चार दिवसांत विसरतील. कोणी विसरले नाही. पाहुणे आले की त्याचा गालगुच्चा घेऊन म्हणायचे, हाच का तो, आईला मारणारा? तो हसायचा. पुढे हसेनासा झाला. लहानपणी तो आईच्या त्या गालावर तळहात ठेवून झोपायचा.

चोविसाव्या वर्षी त्याला दूरच्या शहरात मोठ्या कारखान्यात नोकरी चालून आली. गेला नाही. मला म्हणाला, "दादा, एक खूण तिच्या तोंडावर आधीच करून ठेवलीय. आता सोडून पण जाऊ?" मी मूग गिळून बसलो. ते मूग मला आजवर पचलेले नाहीत. आईला शेवटपर्यंत त्याने सांभाळले. मी दर रविवारी भेटायला जायचो.

आई फोटोला कधी बसायची नाही. बसलीच तर उजवा गाल पुढे करायची. साठीला आली तेव्हा एक दिवस आपणहून आली, खुर्चीत बसली आणि स्वतःच मान वळवून डावा गाल खिडकीकडे केला. म्हणाली, "हा येऊ दे. आहे तसा येऊ दे." आणि माझ्याकडे बघत राहिली, त्या दिवशी बघितले होते तशीच. मी आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो तो. मी लिफाफ्यावर नाव न घालता पेटीत टाकून दिला.

ती गेल्यावर धाकटा म्हणाला, मोठा फोटो करू, चौकट मी करतो. मी निगेटिव्ह काढली आणि बायकोपुढे ठेवली. म्हटले, व्रण काढ. ती म्हणाली, "सासूबाई आहे तसा येऊ दे म्हणाल्या होत्या ना?" आणि पेन्सिल माझ्यापुढे सारली. मी दार लावून दोन दिवस बसलो आणि एकेक ठिपका भरत तो व्रण बुजवला. मनाशी म्हणत होतो, धाकट्याला रोज बघावा लागणार नाही, त्याच्यासाठीच करतो आहे. हे साफ खोटे होते. मलाच बघवत नव्हता.

त्याने फोटो हातात घेतला आणि विचारले, "ही कोण?"

मी म्हणालो, आई.

तो म्हणाला, "तिच्या गालावर माझं काहीतरी होतं. चांगलं नव्हतं, पण माझं होतं. जन्मभर मी ते वागवलं. तुला पुसायला कुणी सांगितलं?" मग म्हणाला, मूळचा दे. मी म्हणालो, निगेटिव्हवर एकदा पेन्सिल फिरली की मागे जाता येत नाही. तो चौकटीचा माणूस, त्याने विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी बाक उचलले.

मागे जाता येते. कापसाच्या बोळ्यावर थोडे टर्पेंटाइन घेतले की वार्निश निघते आणि त्याच्याबरोबर पेन्सिल निघते. पाच मिनिटांचे काम. बायकोला ते माहीत होते. तिने पंधरा वर्षे मला टोकले नाही. नऊ वर्षांपूर्वी ती गेली, त्याच्या आदल्या दिवशी म्हणाली, "टर्पेंटाइनची बाटली कपाटात वरच्या फळीवर आहे." तेवढेच.

गेल्या महिन्यात मी स्टुलावर चढून बाटली काढली. निगेटिव्ह पुसली. डार्करूममध्ये उभे राहून एक प्रत काढली, त्याला दुपार गेली. थाळीत कागद हलवत होतो आणि लाल उजेडात आधी केस आले, मग डोळे, मग व्रण. तिथेच स्टूल ओढून बसलो. उठायला बराच वेळ लागला.

तरी ती निगेटिव्ह आणि ती प्रत माझ्या मृत्यूनंतर माझ्या धाकट्या भावाला द्यावी, आणि देताना हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

पुरवणी. वरचा मजकूर वकीलबाईंनी वाचला. कलम चारपाशी त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "काका, हे वाचून दाखवायची वेळ येईल तेव्हा तुम्ही नसणार. मला वाचावं लागणार. मी वाचणार नाही."

मी म्हणालो, त्याचेच पैसे दिले आहेत.

"परत देते. समोरच आहे ना दुकान?"

जिना सतरा पायऱ्या आणि रस्ता. मी दुसऱ्या दिवशी दहा वाजता निघालो आणि सव्वादहाला पोचलो. तो काच कापत होता. मला बघून त्याने काच कापणे थांबवले नाही. मी लिफाफा बाकावर ठेवला, पण हात त्यावरच ठेवला. म्हटले, "झाकण मी फेकलं होतं."

"कुठलं झाकण?"

विचारले खरे, पण त्याला कळायला वेळ लागला नाही. त्याने हातातला काच कापायचा हिरा खाली ठेवला.

"मला आठवतं ना ते," तो म्हणाला. "मी फेकलेलं. हात आठवतो, आवाज आठवतो, तिचं तोंड आठवतं."

"तू दुसरंच झाकण चाटत बसला होतास."

"मग मला काय आठवतंय?" त्याने विचारले. बहात्तर वर्षांचा माणूस, पण विचारले लहान पोरासारखे. मग स्वतःच म्हणाला, "इतक्या वेळा सांगितलंत, की मला आठवायला लागलं."

मी लिफाफा उघडला. फोटो त्याने कडांनी उचलला, चौकटीवाले उचलतात तसा, आणि दाराच्या उजेडात नेला. पाठ माझ्याकडे होती. मला बस म्हणाला नाही आणि मला उभे राहवत नव्हते. शेवटी वळून न बघता म्हणाला, "जा आता."

तीन दिवस दुकान बंद होते. या तीन दिवसांचे मी काही लिहीत नाही. चौथ्या दिवशी उघडले. मी अकराच्या सुमारास उत्तरेची खिडकी उघडली तर समोर त्याच्या दुकानात, दाराच्या वरच, आईचा फोटो लावलेला. साधी काळी पट्टी, कडेला अर्धा इंच जास्त. आईचा डावा गाल बरोबर माझ्या खिडकीकडे. त्याने अंतर मोजून लावला आहे, हे मला ओळखता येते. आता रोज खिडकी उघडली की ती दिसणार आणि उजेडासाठी खिडकी तर उघडावीच लागते.

फोटो हातोहात दिला, म्हणून कलम चार रद्द करतो. निगेटिव्हही त्याला आज दिली. आज सह्या करायला वकीलबाई आणि डॉक्टर आले होते. दुसरा साक्षीदार म्हणून मी मिस्त्रीचे नाव सुचवले, तर वकीलबाई म्हणाल्या, त्यांना कॅमेरा मिळतोय, चालणार नाही. एवढ्यात जिन्यावर पाय वाजले. धाकटा चोवीस वर्षांनी वर आला. निगेटिव्ह न्यायला आला होता. त्याने कागद मागितला, खाली बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि विचारले, "यात मला आता काही मिळत नाही ना?"

वकीलबाई म्हणाल्या, नाही.

"मग साक्षीला मी चालतो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "माफ केलं म्हणून नाही. तू सही करताना मी बघितलं, एवढ्यापुरतं."

मी म्हणालो, तेवढे पुरे आहे.

वकीलबाईंनी कलम चारवर काट मारायला पेन उघडले. त्याने कागदावर हात ठेवला. "रद्द लिहा बाजूला. पण खोडू नका. वाचता आलं पाहिजे."

म्हणून खोडलेले नाही.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने, स्वखुशीने लिहिला असून तो मला मान्य आहे.

ठिकाण: स्टुडिओ, उत्तरेच्या खिडकीजवळ
दिनांक: अठरा, महिना अकरावा, सकाळी साडेअकरा

लिहून ठेवणार: (सही) फोटोवाला

आमच्या समक्ष सही केली:
साक्षीदार १: (सही) डॉक्टर. लिहिणाऱ्याची बुद्धी शाबूत असल्याचे मी तपासले आहे.
साक्षीदार २: (सही) चौकटवाला, लिहिणाऱ्याचा धाकटा भाऊ. कलम चार मी वाचले आहे.